कारखान्यापर्यंतची लाइन

खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी मला माझं गाव, आडनाव, लग्न यांतलं काहीच विचारलं नाही. ते म्हणाले, "बाई, तुम्ही त्या मागच्या विहिरीपाशी जाऊन उभ्या राहा आणि नेहमीच्या आवाजात काहीतरी बोला."

श्रीवर्धनच्या शाळेत गणित शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. खोली मिळणं गरजेचं होतं. खांद्यावरची बॅग ओटीवर ठेवली आणि वाडीतून विहिरीपाशी गेले. तिथे उभं राहिल्यावर काय बोलावं ते सुचेना, म्हणून सत्तावीसचा पाढा म्हटला. परत आले तर काका डोळे मिटून ओटीच्या खांबाला टेकून उभे.

"सत्तावीस साते एकशे एकोणनव्वद स्वच्छ आलं," ते म्हणाले. "पुढे जरा खरखर होती. पण राहा तुम्ही."

काकांनी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून काढली होती. श्रीवर्धनपासून म्हसळ्यापर्यंतच्या रस्त्यावर कुठला खांब कुठल्या पावसात कलला होता, हे ते घरातल्या माणसांच्या आजारपणासारखं सांगत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, खांबही गेले, तारा गेल्या, पण काकांच्या कमरेची पक्कड गेली नाही. शेजारच्या लग्नात रेशमी झब्ब्यावर पट्टा, पट्ट्यात पक्कड, असे ते नवऱ्यामुलाशेजारी फोटोला उभे राहिलेले मी स्वतः पाहिलेत. काकूंना त्याचं काही वाटत नसे. "आमच्या लग्नातही होती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, यांच्यात कट्यारीऐवजी हीच धरायची रीत असेल."

माणसंही ते तारांसारखीच तपासत. एकदा आमचे मुख्याध्यापक मला काही कागद द्यायला घरी आले, दहा मिनिटं बसले, हसून खेळून बोलले आणि गेले. काका म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण अर्थिंग नाही." मला काही कळलं नाही. पुढे स्नेहसंमेलनात माइक बंद पडला आणि मुख्याध्यापकांनी सगळा संताप समोर सापडलेल्या हार्मोनियमवाल्यावर काढला, तेव्हा कळलं.

फोनवर बोलताना काका अंतराप्रमाणे आवाज चढवत. म्हसळ्याला फोन असला तर साधारण बोलत. मुंबईला असला तर उभं राहून बोलत. त्यांचा मुलगा नागपूरला होता. रविवारी त्याचा फोन आला की काकू आधी रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेत. फोन उचलल्यावर पहिले तीन-चार क्षण काका बोलतच नसत, नुसतं ऐकत. मग म्हणत, "हं, लाइन बरी आहे. बोल." आणि संपवताना "ठेवतो" वगैरे काही नाही. "लाइन मोकळी करतो," एवढंच.

घराच्या मागे पोफळींची वाडी, वाडीच्या टोकाला विहीर आणि विहिरीला लागून चिऱ्याच्या भिंतींची, पत्र्याच्या छपराची एक मोठी खोली. काका तिला कारखाना म्हणत. आत एक ड्रिल मशीन, वस्तू आवळून धरायचा एक व्हाइस, गावातले बंद पडलेले पंप, मिक्सर, शिलाई मशिनी आणि मधोमध काकांचं स्वतःचं यंत्र. ते असोली सुपारी सोलण्याचं यंत्र होतं, म्हणजे तसं व्हायचं होतं. चार वर्षं ते त्याच्या मागे लागले होते. यंत्रात वरून वाळलेली सुपारी टाकायची, खाली दाणा आणि बाजूला साल पडायची, असा बेत. प्रत्यक्षात यंत्र सुपारी न सोलता बंदुकीसारखी समोरच्या भिंतीवर मारत असे. चिऱ्याच्या भिंतीला तेवढ्या भागात देवी आल्यासारखे खड्डे पडले होते.

काका सकाळचा चहा झाला की कारखान्यात जात. कुणी विचारलं तर काकू सांगत, "माहेरी गेलेत. जेवायला येतील."

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा येऊन घरात इंटरनेट बसवून गेला. राउटर देवघराशेजारच्या फळीवर बसला. काकूंनी तो हातोहात ताब्यात घेतला. त्या फोनवर कीर्तनं बघत, लोणच्यांच्या कृती बघत आणि बघून झालं की "हिला काही येत नाही" म्हणत. काकांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. "हवेतून काय येतं? सर्दी येते," असं त्यांचं मत होतं.

म्हणून एके दिवशी मी शाळेतून येत असताना त्यांनी मला पायऱ्यांवरच गाठलं आणि म्हणाले, "बाई, घरातलं नेट कारखान्यात न्यायचं आहे," तेव्हा मला नवलच वाटलं.

"कशाला हो काका?"

"न्यायचं आहे," ते म्हणाले.

कारखान्यात मोबाइलला अजिबात रेंज नव्हती. वाडी खोलगट, त्यात पोफळींची दाटी. घरातला राउटर तिथवर पोचतो का, ते आधी पाहायचं ठरलं. काकांनी वही-पेन्सिल घेतली, फोन माझ्या हातात दिला आणि एकेका पोफळीपाशी मला थांबवलं.

"पाचवी?"

"तीन रेघा."

"नववी?"

"दोन. नाही, एक."

"एकदा काय ते सांगा, खात्यात असं चालत नसे."

कारखान्याच्या दाराशी एक रेघ आली आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताच गेली. बाहेर आले, आली. आत गेले, गेली. चिऱ्याची दीड फूट भिंत आणि वर पत्रा, ती बिचारी येणार कुठून? काका म्हणाले, "दारापर्यंत येऊन परत जाते. हिला आत कुणी बोलावलं नाही वाटतं."

मीच सुचवलं, की मध्ये एक रिपीटर लावा. तो इकडचं नेट घेतो आणि पुढे ढकलतो. पण रिपीटरला वीज हवी आणि घर ते कारखाना या वाटेत विजेचं बटण एकाच ठिकाणी होतं, न्हाणीघरात. काकांनी रिपीटर प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्हाणीघराच्या खिडकीत टांगला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी बंबातलं पाणी काढलं, वाफ झाली आणि त्या वाफेत निळा दिवा लुकलुकताना दिसला. त्यांना वाटलं, कुणी कॅमेरा लावलाय. त्यांनी तांब्याभर पाणी त्याच्या अंगावर ओतलं. रिपीटर तिथेच निवर्तला. काकांना मनातून बरंच वाटलं असावं. "बघितलंत? हवेचा भरवसा नाही. आता वायर ओढू."

वायर पोफळींवरून न्यायची ठरली. मला वायरीचा झोळ किती पडेल ते काढायला बसवलं. मी कागदावर आकडे मांडले, तोवर काका खात्यातला जुना कातडी पट्टा बांधून पोफळीवर चढलेसुद्धा होते. वय एकाहत्तर. मागील दारी काकूंनी आरडाओरडा सुरू केला, "अहो, उतरा! उतरा म्हणते ना!" आणि काका वरून मला वायर कशी ताणायची ते शिकवत होते. चढणं जमलं होतं, उतरताना गुडघा धरला. शेवटी सुपारी उतरवणारा गडी पलीकडच्या वाडीतून बोलावून आणला. त्याने काकांना पाठीवर घेतलं तेव्हाही ते त्याला सांगत होते, "डावा पाय खाली. आता उजवा. घाई नको."

वायर चार दिवस चालली. पाचव्या दिवशी वानरांची टोळी आली. पोफळीवरून पोफळीवर जायला त्यांना इतकी सोयीची गोष्ट आजवर कुणी करून दिली नव्हती. दोन मोठी आणि एक पोटाशी पिल्लू धरलेली, अशी तिघं एकदम लटकली. वायर तुटली, वानरं काकूंच्या वालाच्या मांडवावर पडली आणि मांडव झोपला.

संध्याकाळी काकू मांडवाच्या काठ्या गोळा करत होत्या. मी मदतीला गेले आणि वैतागून म्हणाले, "काकू, पण एवढं नडलंय काय? फोन घरात लागतो, तिथे बसून बोलावं."

काकूंनी काठी खाली ठेवली. "पालीचे भावजी," त्या म्हणाल्या.

पालीचे भावजी म्हणजे काकांबरोबरचे लाइनमन. खात्यात एकाने खांबावर चढायचं आणि दुसऱ्याने खाली शिडी धरायची, अशी दोघांची जोडी होती. निवृत्त झाल्यावर ते पालीजवळच्या आपल्या गावी शेतीवर गेले, तरी महिन्यातून एकदा एसटीने यायचे. सोलण्याचं यंत्र दोघांनी मिळून काढलं होतं, पाती बसवण्याचं काम मात्र काकांचं. गेल्या गणपतीनंतर भावजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

"जीभ हलते, डॉक्टर म्हणतात बोलता यायला हवं," काकू म्हणाल्या. "पण बोलतच नाहीत. सून बिचारी फोन समोर धरते. हे इकडून ओरडून ओरडून विचारतात, कसा आहेस, जेवलास का. ते तोंड फिरवून घेतात."

मग काकांनीच कारण सांगितलं, तेही मला सरळ नाही. पडवीत तुटलेली वायर गुंडाळता गुंडाळता ते वायरीलाच म्हणाले, "घरात बसून मी त्याला दाखवू काय? माझं थोबाड? ते त्याने छत्तीस वर्षं बघितलंय. त्याला हात चालताना बघायचेत."

त्यानंतर मी त्या वायरीच्या कामाला घरचं कार्य असल्यासारखी लागले.

गावातल्या नेटवाल्याला मी बोलावलं. तो जवळच्याच खेड्यातला, चाळिशीचा, गोलमटोल आणि अतिशय शांत माणूस. त्याने वाडी पाहिली, काकांची वही पाहिली आणि म्हणाला, "काका, जमिनीतून फायबर न्या. काचेची तार असते. पाऊस न्हाय, वीज न्हाय, वांदर न्हाय."

"काचेची?" काकांनी पक्कडीवर हात ठेवला. "काचेतून बोलणं जाईल?"

"उजेड जातो."

"बोलण्याचा उजेड?"

"व्हय. त्या टोकाला त्याचं परत बोलणं व्हतं."

काकांनी तारेचं टोक उचलून डोळ्याला लावलं. नेटवाल्याने झडप घालून ते खाली ओढलं. "डोला जाईल काका! त्यात बघायचं नस्तं!" काका खूश झाले. ज्याने इजा होऊ शकते ते काम खरं, अशी त्यांची समजूत होती.

प्रश्न राहिला चराचा. नेटवाला म्हणाला, पाइपात घालून फूटभर खोल पुरली की झालं. काका म्हणाले, तीन फूट. खात्यात तीन फूट होतं.

"काका, तीन फुटात मान्सं पुरतात. ही वायर हाय, मढं न्हाय."

"तीन फूट," काका म्हणाले.

तीन फूट चर खणायला आठ दिवस लागले. दोन गडी खणत आणि काका पट्टी घेऊन मागे. कुठे अडीच फूट निघालं की पुन्हा खणायला लावत. वाटेत काकूंचा अबोलीचा वाफा आला. काकांनी चर वळवून न्यायला नकार दिला. "लाइन सरळ जाते." काकू वाफ्यात खुर्ची टाकून बसल्या, हातात सुपाएवढी ताटली आणि त्यात निवडायचे तांदूळ. दुपारपर्यंत बसल्या. दुपारी लाइन वळली.

पाइप घातला, फायबर ओढली, वर विटांचा थर देऊन माती लोटली. कुणी पुढेमागे खणू नये म्हणून काकांनी वाडीचा नकाशा काढून देवघरात लावला. दोन्ही टोकांना नेटवाल्याने एकेक छोटी पेटी बसवली. कारखान्यातल्या पेटीचा हिरवा दिवा लागला आणि माझ्या फोनवर, त्या चिऱ्याच्या भिंतींच्या आत, सगळ्या रेघा उभ्या राहिल्या.

काकांनी व्हाइसमध्ये फोन पकडला. दोन बाजूंना रबराचे तुकडे घालून नीट आवळला. मग पालीला लावला. सुनेने तिकडे फोन उशाशी धरला. भावजींचा चेहरा दिसला, दाढी वाढलेली, नजर छताकडे.

"मामंजी, श्रीवर्धनचे काका आलेत हो," सून म्हणाली.

काकांनी कसा आहेस विचारलं नाही. जेवलास का विचारलं नाही. ते बाजूला झाले. फोनला कारखाना दिसू लागला. काकांनी एका पंपाचं झाकण उघडलं आणि गुपचूप कामाला लागले.

भावजींची नजर खाली आली. पंपावर थांबली. अर्धा तास ती तिथून हलली नाही. मी आणि काकू दाराशी उभ्या होतो. काकू पदराच्या टोकाने उगाच हात पुसत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून मी कारखान्यातच होते. काकांनी भावजींना यंत्र दाखवायचं ठरवलं. भावजी आजारी पडल्यापासून काय काय बदललं ते एकेक करून दाखवलं, पट्टा घट्ट केला, पाती नवी बसवली, बटण दाबलं आणि वरून सुपारी टाकली. सुपारी भिंतीवर जाऊन फुटली. दुसरी टाकली. तीही गेली. तिसरीला काकांनी कपाळाचा घाम पुसला. तेवढ्यात फोनमधून आवाज आला.

आवाज कसला, घशात अडकलेलं काहीतरी बाहेर पडावं तसं. सून "काय, काय" म्हणत धावली. भावजींची मान उशीवरून उठली होती, डावा हात हवेत आपटत होता, तोंड वाकडं झालं होतं.

"उ... उल... उलटी!" ते म्हणाले. श्वास घेतला. "पाती... उलटी हाय... गाढवा!"

तिकडे सुनेने पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती, ते फोन हलत असल्यामुळे कळेना. इकडे काकूंनी "अगो बाई" म्हणून दाराची चौकट धरली. काका मात्र यंत्रासमोर ताठ उभे होते.

"उलटी नाही," ते म्हणाले.

"उलटी."

"चार वर्षं मी बसवतोय."

"चार... वर्स... उलटी."

काकांनी लाइन मोकळी केली. दोन दिवस ते कारखान्यात गेले नाहीत. ओटीवर बसून वर्तमानपत्र वाचत, पण पान उलटत नसत. मी एकदा हळूच म्हटलं, "काका, ते बोलले ना, हे केवढं मोठं झालं."

"बोलले ते बरं झालं," ते म्हणाले. "काय बोलले ते तुम्ही ऐकलंत ना?"

तिसऱ्या दिवशी पहाटेच ते मागील दाराने वाडीत गेले. मी खिडकीतून पाहिलं, कारखान्याचं दार लागलं. थोड्या वेळाने यंत्राचा आवाज आला. भिंतीवर काही आपटल्याचा आवाज आला नाही. मी धावत गेले. यंत्राखालच्या पाटीत चार-पाच दाणे पडले होते, स्वच्छ सोललेले. काका पाटीकडे बघत होते.

"सांगू नका हं त्याला लगेच," ते म्हणाले. आणि पाच मिनिटांत स्वतःच पालीला फोन लावला.

मग रोज सकाळी दहा ते एक कारखान्याची लाइन पालीला लागलेली असे. भावजींचे शब्द एकेक करून परत आले. आधी शिव्या आल्या, मग अवजारांची नावं आली, मग हळूहळू "दे", "थांब", "पुन्ना कर" असली क्रियापदं. सुनेला हाक मारायला त्यांना सगळ्यात शेवटी जमलं, आणि ती तक्रार तिने काकूंकडे केली. डॉक्टरांनी म्हणे विचारलं, व्यायाम कुठला देता? तिने सांगितलं, भांडणाचा.

एक दिवस मात्र लाइन मध्येच मेली. दुसऱ्या दिवशीही मेली, तिसऱ्या दिवशीही. काका हादरले. काचेची तार तुटली, विटा खचल्या, घूस लागली, अशी कारणं काढत त्यांनी स्वतःच कुदळ घेऊन चर उकरायला घेतला. नऊ-दहा फूट उकरून झाल्यावर मला शंका आली. मी घरात जाऊन देवघराशेजारची फळी पाहिली. राउटर बंद. काकू शेजारीच चटईवर पडल्या होत्या.

"काकू, हा बंद कुणी केला?"

"मीच. उन्हाळा आहे, हात लावला तर केवढा तापलेला," काकू म्हणाल्या. "बारा वाजले की घटकाभर निजू देते त्याला. माणसांना वामकुक्षी लागते, त्याला नको?"

काकांनी ते ऐकलं आणि चर पुन्हा बुजवला. बुजवताना खोली मोजली. तीन फूट.

मे महिन्यात भावजी स्वतः येणार असं कळलं. त्यांचा मुलगा त्यांना गाडीने घेऊन येणार होता. काकांनी तीन दिवस कारखाना धुतला, हातोड्या रांगेने टांगल्या, यंत्राला रंग दिला आणि हाताची खुर्ची त्याच्यासमोर मांडली. काकूंनी उकडीच्या मोदकांपासून फणसाच्या भाजीपर्यंत सगळं केलं. मीही गावी जायचं दोन दिवसांनी पुढे ढकललं. एवढ्या महिन्यांनी ते दोघं समोरासमोर येणार, ते मला चुकवायचं नव्हतं.

भावजी काठी टेकत, मुलाच्या खांद्यावर भार टाकत आले. खुर्चीवर बसले.

"आलास?" काका म्हणाले.

"आलो."

त्यानंतर काही नाही. काका स्टुलावर, भावजी खुर्चीवर, मध्ये यंत्र. भावजींनी डाव्या हाताने पातीला हात लावून पाहिला. काकांनी पट्टा नीट केला, जो नीटच होता. अर्ध्या तासाने काका म्हणाले, "पंखा लावू?" भावजी म्हणाले, "नको." काका गावातल्या पंपांची रांग बघत राहिले, भावजी भिंतीवरचे खड्डे. मी दोनदा चहा घेऊन गेले. दोन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिथेच थांबून काहीतरी बोलावं. मी शाळेबद्दल बोलले. जेवताना काकू बोलल्या, मुलगा बोलला. ते दोघं आमटी भुरकत राहिले.

चार वाजता निघायची वेळ झाली. मुलाने भावजींना गाडीत बसवलं, पट्टा बांधला. काका खिडकीपाशी उभे राहिले. मला वाईट वाटत होतं, एवढं करून शेवटी हेच का, म्हणून. तेवढ्यात भावजींनी डाव्या हाताने त्यांना जवळ बोलावलं. काका वाकले.

"घरी... पोचलो... की लाव," भावजी म्हणाले. "इथं... बोलाया... व्हत न्हाय."

"मीही तेच म्हणणार होतो," काका म्हणाले.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. पाली तिथून तीन तासांवर होती. काकू म्हणाल्या, "आता जरा पडा तरी." पण काका तोवर वाडीतून कारखान्याच्या दारापर्यंत पोचलेही होते. त्यांनी फोन व्हाइसमध्ये घट्ट बसवला आणि समोर स्टूल ओढून बसले.